पर्समधलं पिस्तूल आणि गोळ्यांचा हिशेब

पत्र: मी ह्यूस्टनजवळ केटीला राहते, फार्मसिस्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस दुकान बंद करून निघायला रात्रीचे दहा वाजतात. मागच्या महिन्यात आमच्या पार्किंगमध्ये बरोबरच्या एका मुलीची पर्स पिस्तूल दाखवून हिसकावली. आता शस्त्र घ्यावं असं नवऱ्याचं आणि माझं ठरतंय. दोघंही नागरिक आहोत. बंदुकीच्या दुकानातला माणूस म्हणाला, पंधरा गोळ्यांच्या खाली काही घेऊ नका. नवऱ्याचा मित्र म्हणतो, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर बास, बाईमाणसाला तेच सोपं. साताऱ्याच्या माझ्या काकांकडे परवान्याचं सहा गोळ्यांचं होतं, त्यांनी जन्मात एक झाडली नाही. माझे हात लहान आहेत. कामावर आत न्यायला मनाई आहे म्हणून गाडीत ठेवीन, एरवी पर्समध्ये. युनिव्हर्सिटीत शिकणारा भाचा आमच्याकडे राहतो, त्यालाही नेमबाजीच्या रेंजवर नेऊन शिकवायचा विचार आहे. डिसेंबरात गाडीने दिराकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. तर नेमक्या किती गोळ्या पुरतात? – एक वाचक, केटी, टेक्सास
ता. क. गणपतीला मंडळात खूप गर्दी असते. तिथे जवळ ठेवलं तर चालेल का?

ताई,

उत्तर आधी देऊन टाकतो. दहा. नऊ एमएम जाडीच्या गोळीचं लहान पिस्तूल, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेटीत, दहा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी झाडायला तयार, एक. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढवतच नसेल तर आठवर समाधान माना. पंधराची तुम्हाला गरज नाही. पाचचं घेऊ नका, पण त्याचं कारण गोळ्या कमी हे नाही. ते पुढे येईलच.

एवढ्यावर भागलं असतं. पण तुमच्या पत्रात गाडी, पर्स, भाचा आणि न्यू जर्सी असे चार उल्लेख सहज बोलता बोलता आलेत, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते.

तरी आधी आकड्याचं बघू. कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे आणि त्यावरून कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललं. त्या खटल्यात राज्याच्या बाजूने लुसी ॲलन या अर्थतज्ज्ञ उभ्या होत्या. त्यांनी बंदूकवाल्यांच्याच संघटनेने, म्हणजे एनआरएने, जमवलेल्या स्वसंरक्षणाच्या बातम्या तपासल्या. २०११ ते २०१७ मधल्या ७३६ घटना. माणसाने स्वतःला वाचवताना सरासरी २.२ गोळ्या झाडल्या होत्या. दहापेक्षा जास्त झाडल्या अशा घटना होत्या दोन.

हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. छापून आलेल्या बातम्यांमधून निवडलेली ती यादी होती, कुणी रीतसर मोजणी केलेली नव्हती. तरी त्यातून अंदाज येतो. बहुतेक वेळा शस्त्र दिसलं, एक-दोन आवाज झाले की समोरचा पळतो. त्यालाही जीव प्यारा असतो.

दुकानदाराच्या बाजूनेही एक घटना सांगतो. जॉर्जियातलं लोगनव्हिल, जानेवारी २०१३. दिवसाढवळ्या एक माणूस पहार घेऊन घरात शिरला. घरातली बाई जुळ्या मुलांना घेऊन वरच्या अडगळीच्या जागेत लपली, नवरा फोनवर. तो माणूस तिथवर पोचला. तिच्या हातात .३८ मापाचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. तिने सहाच्या सहा झाडल्या आणि त्यातल्या पाच लागल्या, चेहऱ्याला आणि मानेला. एवढं होऊनही तो उठला, बाहेर आपल्या गाडीपर्यंत गेला आणि गाडी काढून निघाला. पुढे गाडी आदळली तेव्हा पकडला गेला. इकडे रिव्हॉल्व्हर रिकामं झालेलं, आणि बाई ‘हललास तर परत मारीन’ असं दरडावत मुलांना घेऊन शेजारी पळाली.

सहापैकी पाच लागणं ही साधी नेमबाजी नव्हे. आणि तरीही माणूस चालत गेला. सिनेमात गोळी लागली की माणूस भिंतीवर जाऊन आपटतो, पिस्तुलाच्या गोळीने तसलं काही होत नाही. त्या घरात दोघं शिरले असते तर दुसऱ्यासाठी तिच्याकडे फक्त आवाज उरला होता. म्हणून पाच-सहा म्हणजे काठावर पास.

मग पंधरा का नको? रँड या संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या १८च गोळ्या लागल्या होत्या. समोरचा झाडत नसेल तेव्हा ३०. ही पगारी, वर्दीतली, दरवर्षी परीक्षा देणारी माणसं. उरलेल्या ८२ हवेत विरघळत नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या बाहेर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. मारेकरी मेला आणि येणारीजाणारी नऊ माणसं जखमी झाली. काही थेट गोळीने, बाकीची उडालेल्या तुकड्यांनी.

तुमच्या शॉपिंग सेंटरमध्ये फार्मसीला लागून एखादं टाकोचं दुकान असेलच, संपूर्ण काचेच्या तावदानाचं, रात्री दहालाही आत चार टेबलं भरलेली. जवळ पंधरा आहेत म्हणून हात सैल सुटतो, हे मी पिस्तूल शिकवायच्या माझ्या वर्गात नेहमी बघतो. मॅगझिन भरलेलं असलं की लोक नेम न धरता चाप ओढत सुटतात. त्याच माणसाला पाचच गोळ्या भरून दिल्या की एकेक जपून झाडतो.

शिवाय वजन. पंधरा गोळ्यांचं नेहमीचं पिस्तूल म्हणजे ग्लॉक १९. भरलेलं साधारण साडेआठशे ग्रॅम, आणि मूठ जाड. पहिला आठवडा लोक हौसेने कमरेला लावतात, दुसऱ्या आठवड्यात ते कपाटात जातं. २०१८ पर्यंत हा वाद खरोखर अवघड होता, कारण लहान हवं तर ग्लॉक ४३ सारख्यात सहा अधिक एक, जास्त हव्या तर थेट पंधराचं धूड. २०१८ मध्ये सिग कंपनीचं पी३६५ आलं आणि तेवढ्याच आकारात दहा अधिक एक बसायला लागल्या. पाठोपाठ स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, त्यात अकरा. भरलेलं पी३६५ साडेसहाशे ग्रॅमच्या घरात जातं. त्यामुळे ‘लहान की जास्त’ हा प्रश्न आता बराचसा मिटलाय. दुकानदारांना ते कळायचंय एवढंच.

आता पाचचं रिव्हॉल्व्हर. ‘बाईमाणसाला सोपं’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याने ते स्वतः दहा वेळा झाडून बघितलं नसणार. वापरायला ते सोपं आहे, मान्य. स्लाइड नाही, मॅगझिन नाही, अडकायची भानगड जवळजवळ नाही. पण नेम लावायला या सगळ्यांत अवघड तेच. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या. जेमतेम चारशे ग्रॅमचं. चाप ओढायला पाच-साडेपाच किलोंचा जोर लागतो, म्हणजे शस्त्राच्या स्वतःच्या वजनाच्या बारापट. लहान हाताचं बोट तेवढं ओढेपर्यंत नळी डावी-उजवीकडे डुलते. वर ते हलकं, म्हणून झटका सरळ तळव्यात बसतो. नवऱ्यांनी वाढदिवसाला भेट दिलेली अशी रिव्हॉल्व्हरं घेऊन बायका वर्गाला येतात, पहिल्या पाच झाडतात आणि हात चोळत विचारतात, दुसरं काही आहे का? सराव असलेल्या माणसाच्या हातात ते चांगलं शस्त्र आहे. सुरुवात त्याने करू नये.

तुमच्यासाठी परीक्षा साधी आहे. विकत घेण्याआधी रेंजवर तिन्ही प्रकार भाड्याने घ्या. पंधरा फुटांवर कागदी ताटली लावा, आपण बर्थडेला केक वाढतो तसली. पाच सेकंदांत पाच गोळ्या. ज्या पिस्तुलाने पाचही ताटलीत बसतात आणि पन्नास झाडूनही मनगट कुरकुरत नाही, ते तुमचं. एकट्या डाव्या हाताने स्लाइड ओढायला जाऊ नका. पिस्तूल अंगाजवळ घ्या, नळी लक्ष्याकडेच, डाव्या मुठीने स्लाइड घट्ट धरा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे रेटा. निम्म्या बायकांचा ‘माझ्यात ताकद नाही’ हा समज इथेच गळून पडतो. तरीही जमलं नाही तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघा, .३८० मापाच्या गोळीचं, मॅगझिनमध्ये आठ. ते मुद्दाम हलक्या स्लाइडचं बनवलंय. त्यात कमीपणा काही नाही. जादा मॅगझिन घेऊन ठेवा. पिस्तूल अडकतं तेव्हा बऱ्याचदा दोष मॅगझिनचाच निघतो, आणि ते बदलता येणं हा अकराव्या गोळीपेक्षा मोठा आधार आहे.

काकांचं वाचून मजा वाटली. तिकडे परवाना मिळवताना चपला झिजतात, काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो, निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करून पावती जपून ठेवायची. नऊ एमएम तर सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. इथे दुकानात फॉर्म भरला, फोनवर पार्श्वभूमी तपासली, की चहा निवायच्या आत हातात. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून बाळगायलाही परवाना लागत नाही. तरी एलटीसीचा, म्हणजे टेक्सासच्या शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचा, वर्ग करा. चार ते सहा तासांचा असतो, त्यात कायदा शिकवतात आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडून घेतात. सरकारने विचारलं नाही म्हणून आपण स्वतःला विचारू नये असं थोडंच आहे.

आता त्या चार गोष्टी.

गाडी. टेक्सासात २०११ पासून कायदा आहे की कायदेशीर शस्त्र कामाच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवायला मालक सहसा मनाई करू शकत नाही. त्यामुळे तुमचं तेवढं बरोबर आहे. पण जरा डोळ्यांसमोर आणा. रात्री दहाला तुम्ही शटर लावता आणि गाडीकडे चालू लागता. त्या मुलीला गाठलं ते याच पट्ट्यात. आणि या पट्ट्यात तुमचं पिस्तूल कुठे असणार? गाडीत. म्हणजे ज्या चाळीस पावलांसाठी हा सगळा खटाटोप, तिथे तुमच्या पिस्तुलाची क्षमता शून्य. दहा की पंधरा हा वाद तिथे हास्यास्पद ठरतो.

त्या चाळीस पावलांवर उपाय वेगळे आहेत आणि स्वस्त आहेत. बंद करताना दोघांनी मिळूनच निघायचं, हे मॅनेजरकडून लेखी मागून घ्या. मागच्या महिन्याची घटना झालेलीच आहे, तिचा उल्लेख करा, नाही म्हणणं त्यांना जड जाईल. दुपारच्या ब्रेकमध्ये गाडी दाराजवळच्या दिव्याखाली आणून लावा. किल्ली हातात, फोन पर्समध्ये, उलटं नको. आणि कुणी रोखून पर्स मागितली तर द्या. टेक्सासचा कायदा दरोडेखोराविरुद्ध प्राणघातक बळ वापरायची मुभा देतो, पण रोखलेल्या नळीसमोर आपण आपलं काढेपर्यंत कायदा मध्ये उभा राहत नाही.

शिवाय गाडीत शस्त्र आहे हे चोरांनाही माहीत असतं. मागच्या काचेवर बंदुकीच्या कंपनीचा स्टिकर तर चुकूनही नको. सीटखाली केबलने बांधलेली लहान तिजोरी बसवा. ग्लव्ह कंपार्टमेंट म्हणजे तिजोरी नव्हे.

पर्स. पार्किंगमध्ये काय हिसकावलं होतं? पर्स. तुमचं पिस्तूल त्यात असतं तर आज ते चोराकडे असतं, तुमच्या नावावर. आणि चेन उघडून, चार्जरची वायर, सॅनिटायझर, डब्याचा चमचा बाजूला सारून मुठीपर्यंत पोचायला किती वेळ लागेल? १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी मोजून दाखवलं की धावत येणारा माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तुमची चेन दीड सेकंदात उघडणार नाही. जवळ बाळगायचं तर अंगावर, कमरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक हॉल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. सैल कुर्त्याखाली दहाचं पिस्तूल दिसत नाही. पंधराचं दिसतं, हेही एक कारण.

भाचा. इथे मात्र कान पिळतो, राग मानू नका. युनिव्हर्सिटीत शिकतो म्हणजे बहुधा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असेल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगणं गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहायचं तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारायचं. टेक्सासात परवाना लागत नाही याचा इथे काही संबंध नाही. रेंजवर हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येतं. पोराचं शिक्षण, पुढची नोकरी, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, सगळं एका रविवारच्या हौसेपायी आणि इन्स्टाग्रामवर टाकलेल्या एका फोटोपायी पणाला लावायचं का? त्याला सिनेमाला न्या.

घरातही तेच. तिजोरीचा आकडा तुम्हा दोघांनाच माहीत हवा. ‘तो घरचाच आहे’ म्हणून त्याला सांगू नका. तिजोरी त्याला उघडता येत असेल तर शस्त्र त्याच्याही ताब्यात आहे असं म्हणायला सरकारी वकिलाला जागा मिळते. पुण्याहून सासूबाई सहा महिने बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर राहायला आल्या तर त्यांच्याबाबतीतही तोच नियम, त्या बंदुकीकडे ढुंकून बघणार नसल्या तरी.

न्यू जर्सी. ठेवून जा. टेक्सासचा परवाना तिथे चालत नाही, वाटेत मेरीलँडमध्येही चालत नाही. न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन जवळ असणं हाच गुन्हा, आणि स्वसंरक्षणासाठी सगळे वापरतात त्या पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावरही बंधनं आहेत. पंधराचं मॅगझिन डिकीत विसरून तुम्ही टर्नपाइकवर, म्हणजे तिथल्या टोलच्या महामार्गावर, टेललाइट बंद म्हणून थांबवल्या गेलात, तर दीर स्टेशनवर घ्यायला येतील खरे, पण त्या भेटीची मजा गेली.

यातच दहाच्या बाजूचं एक व्यवहारी कारण दडलंय, जे दुकानदार सांगणार नाही. आपली मंडळी नोकरीपायी राज्यं बदलतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये दहाची मर्यादा आहे, कोलोरॅडोत पंधराची. नवऱ्याची बदली उद्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला झाली तर तिथले बाकीचे नियम पाळावे लागतीलच, निदान मॅगझिन टाकून द्यावं लागणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर पिस्तुलाला जेवढे घालाल जवळपास तेवढेच सराव, हॉल्स्टर, दोन तिजोऱ्या आणि वर्गासाठी बाजूला ठेवा. ते जमत नसेल तर सध्या पिस्तूल लांबवा आणि पार्किंगच्या दिव्याचं बघा.

तुमच्या ता. क.चं. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात बसत असेल, आणि इकडे बहुतेक ठिकाणी तो तिथेच बसतो, तर दारातून पिस्तूल आत नेणं हा टेक्सासात फेलनी, म्हणजे गंभीर, दर्जाचा गुन्हा आहे. एलटीसी असला तरी सुटका नाही. मराठी शाळेचे रविवारचे वर्ग अशाच इमारतीत भरत असतील तर तिथेही हेच. देवळाचं सभागृह असेल तर दारावर ३०.०६ आणि ३०.०७ च्या, म्हणजे एलटीसीवाल्यांनाही पिस्तूल आत आणायला मनाई करणाऱ्या, पाट्या आहेत का ते बघायचं. आणि पाटी नसली तरी ढोल-ताशात, लेझीम खेळताना, कडेवर कुणाचं तरी पोर घेऊन कमरेला भरलेलं पिस्तूल कशाला हवं? त्या दिवशी ते घरच्या तिजोरीतच राहू द्या.